तबकडीतला ‘पाण्याक’

लालबाग
४ ऑगस्ट २०२५, श्रावणी सोमवार

विहीणबाई,

तुम्हाला आणि व्याहीबुवांना अंबिकेचा नमस्कार. फोन केला तर तुमच्या कानातलं मशीन शिट्ट्या मारतं, आणि माझा फोन तुमची सुचित्रा स्पीकरवर टाकते, मग आपण दोघी बोलायचं आणि अख्ख्या मजल्याने ऐकायचं. म्हणून पत्र लिहिते. माझी चौथी झालीय, तीपण गावच्या शाळेत, मास्तर आला तर आला. अक्षर वाकडं येईल, लावून घ्या.

गेल्या वर्षी तुम्ही जुईला गाण्यांच्या तबकड्यांची पिशवी दिलीत तेव्हा मी मनात म्हटलं होतं, विहीणबाईंनी घरातली अडगळ काढून आमच्या माथी मारली. ते मागे घेते. आपली नात नोकरीला हैदराबादला गेली ना, जाताना ती वाजवायची पेटी माझ्या खाटेशेजारी ठेवून गेली. म्हणाली, आजी, सुई हळू ठेवायची आणि ह्या बारक्या खटक्याला हात लावायचा नाही. नाही लावत. दुपारी तुमची लेक आणि माझा लेक कामावर गेले की घर माझं, पेटी माझी.

सध्या सनईची चाललीय. ती लावली की घरात लग्न आहे असं वाटतं, दोन घास जास्त जातात. सतारीची लावून बघितली. तो बाबा तारा पिळतो, पिळतो, अर्धी बाजू संपली तरी पिळतोच आहे. घरून पिळून यायला काय होतं? लावणीची आहे तिच्या पाकिटावर बाईचा फोटो आहे, तिच्या लुगड्याचा काठ बघत बसते. असा काठ आता मिळत नाही. मागे हिंदमाताला गेले तर दुकानदाराने मला शिवलेली नऊवारी दाखवली, चेन ओढली की झाली नेसून. मी म्हटलं, बाबा, हे लुगडं आहे की उशीचा अभ्रा. रागाने पाणीपण न पिता परत आले.

मुख्य गोष्ट राहिलीच. आमचे हे भजनी मंडळाचे बुवा होते हे तुम्हाला माहीत आहे. संपाच्या आधी, गिरणी चालू होती तेव्हा, त्यांची एक तबकडी निघाली होती, बारकी, पुरीच्या ताटलीएवढी. वर ह्यांचं नाव छापलंय, खाली ‘आणि मंडळी’. आमच्याकडे वाजवायला काही नव्हतं. आणि हे म्हणायचे, देवाची वस्तू आहे, वाजवायची नाही. लाल फडक्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाला ठेवली ती तशीच. हे गेले तरी माझी उघडायची हिंमत झाली नाही. परवा उघडली आणि पेटीवर लावली.

विहीणबाई, हे गायला लागले.

तोच आवाज, खालचा, भरलेला. मृदंग जरा म्हैस हंबरल्यासारखा येतो, जुना आहे म्हणून असेल. पण किती संथ गातात, घाई नाही कसली, गिरणीची पाळी सुटून पुढे चार दिवस सुट्टी असल्यासारखं. आणि आता ऐका. गवळण ह्यांनीच रचलेली, ‘पाण्याला निघाले, वाटेत अडले’. हे साताऱ्याकडचे, मी मालवणची. लग्न होऊन आले तेव्हा मी ‘पाण्याक जातंय’ म्हटलं की चाळीच्या जिन्यात उभे राहून माझी नक्कल करायचे. आणि तबकडीत काय गातात? ‘पाण्याक निघाले.’ स्वच्छ ‘पाण्याक’. मी सुई मागे आणून आणून ऐकलं. आयुष्यभर मला हसले आणि देवासमोर गायला बसले तेव्हा माझ्या माहेरचा शब्द घातला. मला कधी बोलले नाहीत. मी पदर तोंडाला लावून बसले, कुकर जळाला.

दसऱ्याला मंडळाला पन्नास वर्षं होतात. बिल्डिंगच्या हॉलात ह्यांच्या फोटोला हार घालणार आणि ही तबकडी वाजवणार. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. तुम्ही दोघांनी यायचं. त्याच्या आधी तुमच्या मोठ्या मशीनवर ऐका म्हणून सुचित्राबरोबर पाठवते. धूळ होती, खोबरेल तेलाचं बोट फिरवून चकचकीत केली आहे.

तुमची
अंबिका

०

शिवाजी पार्क
१४ ऑगस्ट २०२५

प्रिय अंबिकाताई,

पत्र वाचून आनंद झाला. तुमचे अक्षर वाकडे नाही. मात्र तबकडीला खोबरेल तेल लावतात हे मी पंचाहत्तरीत प्रथमच ऐकले. कमलाकांतने ती पाकिटातून काढली आणि तो खुर्चीतच बसला. साबणाच्या कोमट पाण्याने, मऊ फडक्याने धुवायला त्याला सबंध सकाळ लागली. मी पिशवीतून दिलेल्या तबकड्यांवरही हा प्रयोग झाला असेल तर कृपा करून मला सांगू नका.

आमच्याकडे सध्या माझ्या आईच्या वेळची नाटकातल्या पदांची तबकडी चालू आहे. मी कानातले यंत्र काढून ठेवते आणि मशीनच्या लाकडावर दोन्ही तळवे टेकवून ऐकते. तळव्यांना जे कळते ते यंत्राला कळत नाही.

तुमची तबकडीही तशीच ऐकली, मग यंत्र घालून ऐकली. फार गोड गाणे आहे. आवाजात गोलाई आहे, कुठे शिकल्याचा आव नाही. पण एक विचारते. गाणारी बाई कोण? मंडळात बायका होत्या का? कुशाबारावांचे नाव छापलेले आहे, पण त्यांचा आवाज मला कुठे सापडला नाही. मागे टाळकऱ्यांत असतील तर कळवा.

दसऱ्याला नक्की येऊ.

तुमची
वासंती

०

लालबाग
१९ ऑगस्ट २०२५

विहीणबाई,

पत्र वाचलं. परत वाचलं. मग चष्मा पुसून वाचलं, म्हटलं चौथी पास बाई, आपलंच चुकत असेल. पण नाही. तुम्ही तेच लिहिलंय.

गाणारी बाई कोण म्हणे. बाई? गवळण आहे ती. गवळण बाप्येच गातात, बाई होऊन. ‘निघाले, अडले’ ऐकून तुम्हाला बाई वाटली असेल तर तो गवळणीचा दोष, आमच्या ह्यांचा नाही. तुमच्याकडे नाटकातली पदं ऐकतात, भजनाला कधी बसला नाहीत, म्हणून सोडून देते. पण रागाने सोडते, हे लिहून ठेवते.

माझ्या नवऱ्याचा आवाज मला कळत नाही का? त्या आवाजाने मला हाका मारल्यात, चहा मागितलाय, पोरांना दटावलंय. संपात घरी बसले तेव्हा वर्षभर तो आवाज नुसता कण्हत होता, तोही मी ऐकलाय. आणि तुम्ही कानातलं मशीन काढून लाकडाला हात लावून मला सांगता की बाई आहे. राग मानू नका, पण मला हसू आलं. मग रडू आलं. मग मी भांडी घासली, घासलेलीच होती ती परत घासली.

तेलाचं म्हणाल तर आमच्याकडे जे आवडतं त्याला तेल लावतात. पोराला लावतात, केसांना लावतात, मृदंगाच्या वादीलापण लावतात. ह्या घरात तेल लावून कुणाचं वाईट झालं नाही. तुमची लेकपण बाळंतपणात माझ्याच हातच्या तेलाने उभी राहिली.

आणि तुम्ही व्याहीबुवांचं नाव घेता, कमलाकांतने हे केलं, कमलाकांतने ते केलं. घ्या बापडे, तुमच्यात चालतं. मी लग्नाच्या उखाण्यात एकदा घेतलं ते शेवटचं. ज्याचं नाव तोंडाने घेतलं नाही त्याचा आवाज मी विसरीन असं तुम्हाला वाटलंच कसं?

सध्या मी काहीही ऐकत नाही. सनई लावली होती, ती लग्नातून उठून गेल्यासारखी वाटली, बंद केली. माझा नवरा तुमच्याकडे आहे तो परत पाठवून द्या.

अंबिका

०

शिवाजी पार्क
२५ ऑगस्ट २०२५

अंबिकाताई,

तुमचा नवरा मी ठेवून घेतलेला नाही. तो धुऊन, वाळवून, नव्या पाकिटात घालून सुरक्षित ठेवला आहे. गणपतीच्या दिवसांत सुचित्राला इकडे यायला सवड नाही आणि लालबागच्या त्या गर्दीत ही वस्तू कुणाच्या हाती द्यायला मी तयार नाही. विसर्जन होऊ द्या.

माझ्या कानांविषयी तुम्ही जे लिहिलेत ते मला लागले. मी बहिरी होत चालले आहे, हे मला आरशासारखे रोज दिसते. पण चाळीस वर्षे शाळेत मुलींना गाणे शिकवले. बाईचा आवाज आणि पुरुषाचा आवाज एवढे मला अजून कळते. आणि उद्या कळेनासे झाले तर तेही मीच आधी सांगेन, विहिणीकडून ऐकून घेणार नाही.

कमलाकांतला (होय, मी नाव घेते, त्यानेच लग्नाच्या पहिल्या आठवड्यात घ्यायला लावले) ऐकवले. तोही म्हणाला, बाईच आहे, तरुण आहे, विशीतली. तो सारा जन्म रेडिओत यंत्रांपाशी होता. त्याने एक गोष्ट विचारायला सांगितली आहे. जुईने ज्या खटक्याला हात लावू नको म्हटले, त्यावर दोन आकडे असतील, ३३ आणि ४५. मोठ्या तबकड्या ३३ वर वाजतात. पण ही छोटी ४५ ची आहे, तिला जास्त वेगाने फिरावे लागते. खटका ३३ वर राहिला तर गाणे रेंगाळते आणि आवाज खाली जातो. इतका खाली की बाईचा बाप्या होतो. मृदंगाची म्हैस होते.

मी हे वाद जिंकायला लिहीत नाही. तुम्ही सगळ्या बिल्डिंगला बोलावले आहे आणि तिथे जे मशीन असेल त्यावर तबकडी बरोबर वेगाने लागेल. त्या वेळी भर हॉलात तुम्हाला धक्का बसू नये एवढेच मला वाटते.

सध्या आमच्याकडे काय चालू आहे ते विचारत नाही आहात, तरी सांगते. तुमचीच.

वासंती

०

लालबाग
८ सप्टेंबर २०२५

विहीणबाई,

गणपती झाले. ह्या दिवसांत आमच्या रस्त्यावर पोस्टमनच काय, आपली सावली आपल्याबरोबर घरी येत नाही, म्हणून उत्तराला उशीर. काल पितृपक्ष लागला. ह्यांची तिथी पुढच्या आठवड्यात. ज्यांना पान वाढायचं त्यांचाच आवाज तुम्ही काढून घेताय, हे दिवसही तुम्ही बघितले नाहीत.

खटका बघितला. आहेत दोन आकडे. हात लावला नाही. तबकडी जवळ नाही तर लावून करू काय. पण मला एक सांगा, माझ्या पेटीवर हे शांतपणे गातात आणि तुमच्या मशीनवर बाई होऊन घाईघाईने गातात, तर चूक माझ्या पेटीची कशावरून? तुमच्याकडे सगळंच वेगात. चहा गाळायच्या आत कप उचलता. लग्नातपण तुमच्या माणसांनी पंगत आमच्या आधी उठवली होती, मी काही बोलले नव्हते.

आणि मी तिथे हजर होते. ती तबकडी केली त्या दिवशी मी हजर होते हे तुम्हाला सांगायचं राहिलं, म्हणजे विषयच संपतो. ऐका.

फोर्टात एका कंपनीत बोलावलं होतं. मंडळी सकाळी निघाली. मी चपातीभाजीचा डबा आणि तान्ही पोर घेऊन मागोमाग. आत काचेची खोली, काचेपलीकडे साहेब. ह्यांचा घसा त्या दिवशी धरला होता. रात्रपाळी करून आले होते, खात्यातला कापूस नाकातोंडात जायचा, आधीचे दोन दिवस गरम पाणीपण उतरत नव्हतं. दोनदा गायले, दोनदा फाटला. साहेब काचेतून बोलला, बुवा, जरा चहा घेऊन या, गुळण्या करा. हे बाहेर गेले. मग साहेब म्हणाला, तोपर्यंत मंडळींचा ताल बसायला हवा, ह्या बाईंना गवळण येते का? आता गवळण ह्यांनी घरात मोरीच्या तोंडाशी बसून रचलेली, मला नाही येणार तर कुणाला. मला त्या माईकपुढे उभं केलं. पोर टाळवाल्या धोंडूभावजींकडे दिली. मी म्हटली.

मी म्हणायला तोंड उघडलं तोच दारावर एक लाल दिवा लागला. म्हटलं, मी काय तरी बिघडवलं. पण साहेबाने हात केला, चालू ठेवा. मी तशीच शेवटपर्यंत म्हटली आणि बाजूला झाले. घामाने पोलकं भिजलं होतं. मग हे चहा घेऊन आले आणि छान गायले, घसा मोकळा. त्यांच्या वेळी लाल दिवा लागला नाही, म्हणजे सगळं नीट झालं. साहेब म्हणाला, हो गया. दिव्याचं मी ह्यांना सांगितलं नाही, उगाच मला बोलले असते.

महिन्या-दोन महिन्यांनी तबकडी आली. हे मंडळींबरोबर धोंडूभावजींकडे ऐकून आले. त्यांच्याकडे वाजवायची पेटी होती, मेहुणा बोटीवर होता त्याने आणलेली. घरी आले तर मी तळलेले बांगडे केले होते, हात लावला नाही. विचारलं, कसं झालंय? म्हणाले, बरं आहे. आणि लाल फडकं मागितलं. त्या दिवसापासून ह्यांनी माझ्या ‘पाण्याक’ची नक्कल केली नाही, कधीच नाही. मी म्हटलं, बुवा झाले, आता मोठे झाले. आता कळतं का केली नाही. माझाच शब्द गायले होते ना.

तर हे असं आहे. आता तरी पटलं असेल. तबकडी पाठवा.

अंबिका

०

शिवाजी पार्क
१५ सप्टेंबर २०२५

प्रिय अंबिकाताई,

सुचित्राबरोबर तबकडी पाठवते आहे. खाली-वर बाजू, पाकीट, सगळे नीट आहे. तेल लावू नका.

तुमचे पत्र मी कमलाकांतला मोठ्याने वाचून दाखवले. लाल दिव्यापाशी आल्यावर त्याने मला थांबवले आणि तेवढेच परत वाचायला लावले. मग तो उठून खिडकीशी गेला.

अंबिकाताई, त्या खोल्यांमधला लाल दिवा चूक झाली म्हणून लागत नाही. आत बोललेले पकडून ठेवले जात असते, तेव्हा कुणी दार उघडू नये म्हणून लागतो. दिवा नसेल तर आत कुणी कितीही छान गायले तरी ते हवेत जाते.

ह्याहून जास्त मी काही लिहीत नाही. खटका ४५ वर करा. एकट्याने ऐका. सुचित्रालाही घरी थांबवू नका.

पहिल्या पत्रात मी विचारले होते, गाणारी बाई कोण. तो प्रश्न मी तुम्हाला पुन्हा विचारणार नाही.

तुमची
वासंती

०

[पोस्टकार्ड]

लालबाग
१८ सप्टेंबर

तबकडी मिळाली. ऐकली नाही. ऐकणार नाही. दसऱ्याला हॉलात मीच सनईची लावायला सांगते. यायचं तर या.

अंबिका

०

शिवाजी पार्क
२३ सप्टेंबर २०२५

अंबिकाताई,

दसऱ्याला येणे जमणार नाही. कमलाकांतला ताप आहे. तुम्हाला वाटेल विहीण रुसली. रुसलेली नाही.

एक सांगायचे राहिले. ‘पाण्याक’ ह्या शब्दावर गाणारीचा आवाज जरा हसतो. चुकून निसटल्यावर हसतो तसा. मला तो सगळ्या गाण्यात जास्त आवडला. रोज सकाळी तळवे टेकवून तेवढाच ऐकत होते. तबकडी परत पाठवताना, खरे सांगते, मला जिवावर आले.

वासंती

०

लालबाग
४ ऑक्टोबर २०२५

विहीणबाई,

व्याहीबुवांचा ताप उतरला का? सुंठ घाला पाण्यात आणि पंखा बंद ठेवा, तुमच्याकडे बारा महिने पंखा. माझा राग तुमच्यावर होता, तो आता नाही. आता दुसऱ्यावर आहे. सांगते.

तुमचं ते हसण्याचं पत्र आलं आणि मला राहवेना. घटाला माळ घातली, दार लावलं, खटका फिरवला. सुई टेकली आणि एक पोरगी गायला लागली. मालवणातून येऊन चाळीत आपलं बोलणं तोंडात दाबून ठेवणारी पोरगी. ‘पाण्याक’ म्हणाली आणि हसली. ते हसू मला आठवलं, विहीणबाई. गाणं आठवलं नव्हतं, हसू आठवलं. शब्द निसटला आणि मनात आलं, आता हे असते तर जिन्यात सांगितलं असतं सगळ्यांना.

मी सुई उचलली. खाली बसले. आणि लग्नाच्या उखाण्यानंतर पहिल्यांदा त्या माणसाचं नाव घेतलं. कुशाबा म्हटलं. कुशाबा, लबाडा. माझ्या गाण्यावर तू हार घालून घेतलेस. नारळ घेतलास, शाल घेतलीस, मंडळाचा बुवा म्हणून खुर्चीवर बसलास आणि मी खाली सतरंजीवर बसून टाळ्या वाजवल्या. देवाची वस्तू म्हणे. फोटोसमोर उभी राहून बोलले, तुझं काय, अरेतुरे. कधी केलं नव्हतं. आणि मी मेली काय केलं? स्वतःच्याच आवाजाला नवरा समजून पदरात तोंड घालून रडले. कुकर जाळला. तो साहेब मेला असेल आतापर्यंत, नाही तर त्यालापण दोन शब्द होते माझ्याकडे. विचारून दिवा लावायचा की नाही?

सनईचं ठरलेलं मी मोडलं. हॉलात मीच सांगितलं, तबकडी लागेल आणि सुचित्रा लावेल, ४५ वर. फोटोला हार घालू दिला, मेल्यावर माणसाचा हार काढत नाहीत. मग गवळण सुरू झाली. हॉलात चुळबूळ. सेक्रेटरी म्हणाला, काकी, पाकीट बदललं वाटतं, ही तर बाई आहे. मी म्हटलं, बाई आहे. मी आहे.

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. फक्त धोंडूभावजी नाही. चाकाच्या खुर्चीत आणलं होतं त्यांना, ते मान खाली घालून बसले. मी जवळ गेले. म्हटलं, भावजी, तुम्ही माझी पोर मांडीवर घेऊन तिथे बसला होतात. तुम्हाला ठाऊक होतं. म्हणाले, वहिनी, तेव्हाच्या सगळ्यांना ठाऊक होतं. कुशादादाने शपथ घातली होती. मी म्हटलं, सगळ्या मंडळींनी मला उल्लू बनवलं. ते म्हणाले, तसं नाही, वहिनी. तो सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे यायचा.

कशाला यायचा?

तर माझ्याकडे त्या तबकडीची दुसरी प्रत होती, म्हणाले. येऊन म्हणायचा, लाव. चहा नाही, पान नाही, बोलणं नाही. भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायचा. ‘पाण्याक’ आलं की तोंडातल्या तोंडात म्हणायचा. गिरणी बंद पडली, चाळ गेली तरी यायचा. पेटीची सुई झिजली तेव्हा नवी कुठून तरी तोच शोधून घेऊन आला.

विहीणबाई, तिथे सगळ्या बायका डोळे पुसायला लागल्या. मला रडू आलं नाही. मला असा संताप आला की काय सांगू. अरे, मी घरात होते. जिवंत. चार पावलांवर भाकऱ्या थापत होते. एकदा म्हणाला असतास, अंबे, म्हण जरा, तर पिठाच्या हातांनी म्हटली असती. पण नाही. बुवाला बायकोपुढे मान खाली घालता आली नाही, म्हणून दुसऱ्याच्या घरी जाऊन, भिंतीला टेकून, चोरासारखा माझं गाणं ऐकायचा. आणि घरी येऊन मला विचारायचा, भाजी कसली केली?

मी भावजींना म्हटलं, तुमची प्रत कुठे आहे? म्हणाले, नातीने भंगार घेणाऱ्याला दिली. तेपण ऐकून घेतलं. ह्या मंडळाच्या एकाही माणसाशी मी दिवाळीपर्यंत बोलणार नाही. मंडळाने माझं नाव छापून तबकडीवर चिकटवायचं ठरवलंय. मी सांगितलं, चिकटवा, पण ह्याचं खोडू नका. खाली मंडळी असतात तिथे ह्याचं ठेवा. कळू दे जरा.

तुमच्या कानांबद्दल मी जे लिहिलं ते चुकीचं होतं. तुमच्या तळव्यांनी ओळखलं ते माझ्या कानांनी ओळखलं नाही. व्याहीबुवा बरे झाले की तबकडी परत तुमच्याकडे येईल, महिना तुमच्याकडे, महिना माझ्याकडे. ‘पाण्याक’ ऐकून झालं की तेल न लावता परत पाठवायची.

माझ्याकडे सध्या काय चालू आहे ते विचारलं नाहीत, तरी सांगते. घरात कुणी असलं की मी ती ४५ वर लावते. अंबिका गाते, सगळे ऐकतात, सुचित्रा फोनवर व्हिडिओ काढून जुईला पाठवते.

दुपारी दार लावलं की खटका ३३ वर करते. हे येतात. संथ गातात, घाई नाही कसली. ‘पाण्याक’ म्हणतात. मी समोर बसून भांडते, नाव घेऊन भांडते. आणि बाजू संपली की सुई परत मागे नेऊन ठेवते.

हे कुणाला सांगू नका. व्याहीबुवांनापण मोठ्याने वाचून दाखवू नका.

तुमची
अंबिका